एका खाडीचा कारभार

मालाड हे नाव घेतले म्हणजे पश्चिम रेल्वेवरील एक गजबजलेले स्थानक, त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेला बाजार आणि लिंक रोडच्या कडेने उभी राहिलेली उंच कार्यालये एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. परंतु या उपनगराची पश्चिम सीमा लिंक रोडशी संपत नाही. ती मालवणी आणि मार्वे ओलांडून आक्सा, एरंगळ, भाटी आणि मढ या गावांवरून अरबी समुद्रापर्यंत जाते, आणि या गावांच्या व मुख्य वस्तीच्या मध्ये मालाडची खाडी आपल्या तिवरांच्या रानासह आडवी पसरलेली आहे. दक्षिणेस वर्सोवा आणि मढ यांच्या दरम्यान तिचे मुख. उत्तरेस मार्वे आणि मनोरी यांच्यामध्ये दुसऱ्या खाडीचे मुख. आणि या दोन मुखांमधली, आजही लोकांच्या बोलण्यात ‘मढ आयलंड’ म्हणूनच राहिलेली ती चिंचोळी भूमी. किनाऱ्याचे एकात्मिक व्यवस्थापन हा जो विषय आंतरराष्ट्रीय परिषदांतून आणि शासकीय अहवालांतून अनेक दशके चर्चिला जात आहे, तो समजून घ्यावयाचा असेल तर या खाडीइतका बोलका दाखला मुंबई इलाख्यात क्वचितच सापडेल. कारण किनाऱ्यावर जे जे काही घडू शकते ते ते सर्व येथे घडलेले आहे, आणि बहुतेक सर्व कोणत्या ना कोणत्या सरकारी खात्याच्या सहीशिक्क्याने घडलेले आहे.

प्रथम पाण्याचा मार्ग पाहू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील डोंगरात पोयसर नदीचा उगम होतो, आणि आरे वसाहतीकडील टेकड्यांतून ओशिवरा नदी निघते. दोन्ही नद्या लहान आहेत, उन्हाळ्यात त्यांस स्वतःचे असे पाणी जवळजवळ नसते, परंतु पावसाळ्यात त्या डोंगराचे सर्व पाणी घेऊन रेल्वेचे रूळ आणि हमरस्ते यांच्याखालून पश्चिमेकडे धावतात आणि मालाड-मार्वेच्या खाडीप्रवाहांना मिळतात. डोंगरावरून येताना त्यांच्यात झाडोऱ्याची माती मिसळते, तबेल्यांचे शेण मिसळते, वस्त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांची धुणी मिसळतात, आणि खाली येईपर्यंत नदीला लोक नाला म्हणू लागलेले असतात. याच वेळी समुद्राकडून दिवसातून दोनदा भरतीचे पाणी खाडीत शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जी मोठी भरती येते तिला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर मंदावतो त्यास भांग म्हणतात, हे कोळीवाड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. कारण घरातील माणूस केव्हा समुद्रावर जाणार आणि केव्हा परतणार हे त्यावर ठरते. पावसाळ्यातील मोठ्या उधाणात भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, आणि नेमक्या अशा वेळी डोंगरावर मुसळधार पाऊस पडला तर खाली येणाऱ्या पाण्यास समुद्राचे दार बंद असते. ते पाणी मग जाते कोठे? पूर्वी ते खाजणात, म्हणजे काठच्या खाऱ्या दलदलीत, पसरे, तिवरांच्या मुळांतून सहा तास थांबे आणि ओहोटी लागली की निघून जाई. खाजण भरून टाकले म्हणजे तेच पाणी घराघरांत थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठीप्रमाणेच पोयसर, ओशिवरा व दहिसर या नद्यांनीही आपले काठ सोडले, तेव्हा हा साधा हिशेब लक्षावधी लोकांना एका रात्रीत शिकावा लागला.

या खाजणातील झाडांविषयी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल. तिवर, कांदळ, चिपी इत्यादी झाडे खाऱ्या चिखलात वाढतात. चिखलात हवा नसते म्हणून तिवर आपली श्वसनमुळे भाल्यांच्या फाळांसारखी जमिनीतून वर काढतो, आणि या मुळांच्या जाळीत गाळ अडकतो, लाटांचा जोर मोडतो, कोळंबीची व माशांची पिल्ले आश्रय घेतात, निवट्या आणि चिंबोऱ्या वाढतात. मालाडच्या खाडीत तिवरच अधिक, कारण मलिन पाणी सहन करण्याची त्याची शक्ती विशेष आहे. खाडीत वाढलेली कोळंबी मोठी होऊन बाहेर समुद्रात जाते; किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जवळ्याचे थवे असतात; जवळ्यावर बोंबील पोसतो; आणि मढ व वर्सोव्याचा कोळी आपल्या डोलजाळ्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर धरून हे बोंबील, जवळा, मांदेली आणि करंदी पकडतो. डोल हे प्रवाहाच्या जोरावर चालणारे जाळे आहे: ते माशांचा पाठलाग करीत नाही, ठरलेल्या जागी रोवलेले राहते आणि पाणी जे आणील ते आपल्या पोटात घेते. म्हणून उधाणात धंदा चांगला, भांगात मंद. आणि म्हणूनच प्रवाहाबरोबर मासळीऐवजी प्लास्टिक आले तर जाळ्यात प्लास्टिकच भरते, ते निवडण्यात दिवस जातो आणि बारीक आसाचे जाळे फाटते. मढच्या वाळूवर वलांडीला टांगलेले बोंबील पाहणाऱ्यास सुंदर दिसतात. परंतु त्या वलांडीपर्यंत येण्यासाठी राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यापासून समुद्रातील प्रवाहापर्यंत सारी साखळी अखंड राहावी लागते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते.

किनारा ही नकाशावरची रेघ नसून डोंगरापासून समुद्रतळापर्यंत पसरलेला पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात एका ठिकाणी घेतलेला निर्णय दुसऱ्या ठिकाणी फळतो किंवा भोवतो. एकात्मिक व्यवस्थापन या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच, की असा निर्णय घेताना दुसरे ठिकाणही त्याच कागदावर असावे.

हा विचार आपणांस पाश्चात्यांनी शिकविला असे मात्र मला वाटत नाही. मालाड ज्यात येते त्या साष्टी बेटात आणि ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या दलदलीला बांध घालून तेथे भात पिकविण्याची वहिवाट फार जुनी आहे. अशा जमिनींस शिलोत्री म्हणत, आणि बांधाच्या राखणीची व दुरुस्तीची जबाबदारी त्या धारणेतच गुंफलेली असे. गोव्यातील खाजणांत हीच व्यवस्था अधिक पूर्णत्वास पोहोचली. तेथे मातीच्या व दगडाच्या बांधात मानस नावाचा लाकडी दरवाजा बसविलेला असतो. भरतीचा रेटा आला की तो आपोआप मिटतो आणि ओहोटीला उघडतो, त्यामुळे पावसाळ्यात खारे पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. पावसाळ्यात तेथे कोरगुट भात, इतर वेळी मानशीपाशी मासे आणि कोंगे, जवळच मिठाचे आगर, आणि बांधाच्या बाहेर चिपी व तिवर राखलेले, कारण तेच बांधाचे लाटांपासून रक्षण करीत. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि त्या पैशाचा हिशेब गावकरी या ग्रामसंस्थेपाशी राही. शेतकरी, मासेमार आणि मीठकरी यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध असतात, मिठाला खारे पाणी हवे आणि भाताला नको. तथापि त्या विरोधाचा निवाडा गावाच्या एकाच बैठकीत होत असे, हे या पद्धतीचे मर्म. गोवामुक्तीनंतर कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु बांधाची सामुदायिक जबाबदारी घेणारी जुनी संस्था क्षीण झाली, तिच्या जागी तितकी समर्थ नवी संस्था उभी राहिली नाही, आणि अनेक ठिकाणी बांध फुटून खाजणे खाऱ्या पाण्याखाली गेली. एक खाते सुधारणा करते आणि दुसऱ्या गोष्टीचा कोणी वाली उरत नाही, याचे हे जुने उदाहरण.

साष्टीचा इतिहास थोडा निराळा आहे. पोर्तुगीज अमदानीतून १७३९ साली हा मुलूख मराठ्यांकडे आला, त्याच मोहिमेत मढच्या टोकावरील किल्लाही सर झाला, आणि १७७४ नंतर इंग्रजांचा अंमल बसला. कंपनीच्या व पुढे राणीच्या राज्यात येथील अनेक गावे खोतीने दिली गेली; १९५१ च्या कायद्याने साष्टीतील ही वतने रद्द होऊन पडीक जमीन सरकारजमा झाली. १९५७ मध्ये मालाड बृहन्मुंबईत सामील झाले. म्हणजे ज्या खाजणाचा मालक एके काळी गाव किंवा खोत होता, त्याच्यावर आता महसूल खाते, महानगरपालिका, मीठ आयुक्त आणि पुढे वन खाते अशी अनेकांची नावे लागली, आणि सातबाऱ्यावर ती जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली. पडीक हा शेरा पडला की जमिनीचे पुढचे भवितव्य जवळजवळ ठरतेच: तिचा काही उपयोग नाही असे गृहीत धरले जाते, आणि मग तिचा उपयोग करण्याची घाई सुरू होते.

मुंबईने मालाडकडून काय घेतले आणि काय परत केले, हे पाहिले तर मन विषण्ण होते. एकोणिसाव्या शतकात शहरातील भव्य सार्वजनिक इमारतींसाठी मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड गेला. वाळू गेली, मीठ गेले, मासळी तर रोजच जाते. परत आला तो कचरा आणि सांडपाणी. चिंचोली बंदर भागातील खाजणावर वर्षानुवर्षे शहराचा कचरा टाकला जात होता. ती कचराभूमी बंद होऊन तेथे कार्यालयांचे भव्य संकुल उभे राहिले, आणि खालच्या कुजणाऱ्या थरांतून निघणाऱ्या वायूंनी तेथील संगणक बिघडू लागले तेव्हा लोकांना जमिनीचा पूर्वेतिहास आठवला. सांडपाण्याचे तर विचारूच नये. मुंबईची मलनिस्सारणाच्या दृष्टीने सात क्षेत्रे पाडली आहेत, त्यांपैकी कुलाबा, वरळी व वांद्रे येथील पाणी समुद्रात सोडले जाते. मालाड क्षेत्राचे पाणी मात्र जुजबी गाळणीनंतर खाडीत जात राहिले, आणि खाडी म्हणजे समुद्र नव्हे. तेथील पाणी भरतीबरोबर पुन्हा आत येते. जे सकाळी बाहेर गेले असे वाटते त्यातील बरेचसे दुपारी परत येते. आता प्रतिदिनी ४५.४ कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकेल असे केंद्र मालाड येथे उभारले जात आहे, ही निःसंशय समाधानाची गोष्ट होय.

परंतु येथेच एक गोष्ट मनास खटकते, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते तिच्यात सर्वांत स्पष्टपणे दिसते. त्याच महानगरपालिकेने त्याच किनाऱ्यावर, मनोरी येथे, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. आरंभी प्रतिदिनी २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी लिटर. गोडे पाणी करण्यास वीज फार लागते, आणि जितके गोडे पाणी काढून घ्यावे तितके उरलेले पाणी अधिक खारट होऊन समुद्रास परत द्यावे लागते. ते कोठे, किती खोलीवर आणि कोणत्या प्रवाहात सोडावे हा मासळीच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. आता विचार करा: शंभर किलोमीटरवरील वैतरणा-भातसाच्या धरणांतून गोडे पाणी आणावयाचे, मालाडच्या घराघरांत ते एकदा वापरावयाचे, शुद्ध करून खाडीत सोडावयाचे, आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या खाडीच्या मुखाशी समुद्राचे खारे पाणी मोठ्या खर्चाने पुन्हा गोडे करावयाचे! दोन्ही योजना आपापल्या जागी समर्थनीय असतील. दोन्ही योजना तयार करणारे अभियंते कुशल आहेत यात शंका नाही. परंतु शुद्ध केलेले सांडपाणी बागांना, बांधकामांना आणि कारखान्यांना किती पुरविता येईल, त्यामुळे किती गोड्या पाण्याची गरज कमी होईल, आणि उरलेल्या गरजेपुरता समुद्रप्रकल्प किती लहान करता येईल, हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी एकाच मेजावर मांडले गेले पाहिजेत. मलनिस्सारण खात्याची फाईल आणि पाणीपुरवठा खात्याची फाईल स्वतंत्र मार्गांनी मंजूर होतात तोवर एकात्मिक हा शब्द कागदावरच राहणार.

कायद्याचा इतिहासही याच अंगाने वाचावा. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवण्याविषयी कळविले. त्यातूनच पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिने किनाऱ्याचे चार वर्ग पाडले: तिवरांसारखी नाजूक क्षेत्रे, शहरी वस्तीची क्षेत्रे, ग्रामीण व मोकळी क्षेत्रे, आणि बेटे. कायदा निषेधाचा होता, व्यवस्थापनाचा नव्हता, हा त्याच्यावरील आक्षेप खरा आहे. काय करू नये हे त्याने सांगितले, काय करावे हे सांगितले नाही. १९९२ मध्ये रिओ येथील पृथ्वी परिषदेने आपल्या एकविसाव्या शतकाच्या कार्यक्रमपत्रिकेतील सतरावे प्रकरण समुद्र व किनारा यांस दिले आणि त्यात एकात्मिक व्यवस्थापनाचा पुरस्कार केला. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या समितीने २००५ साली अशाच प्रकारची दिशा सुचविली. तिच्या आधारे २००८ मध्ये निषेधाऐवजी व्यवस्थापनावर भर देणाऱ्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, आणि देशभरच्या मच्छीमारांनी त्यास कडाडून विरोध केला.

हा विरोध अज्ञानमूलक होता असे समजणे ही मोठी चूक ठरेल. कोळ्यांचे म्हणणे असे होते, की ५०० मीटरांची रेघ कितीही ढोबळ असली तरी ती सर्वांना दिसते आणि तिच्या आधारे तक्रार करता येते. तिच्या जागी प्रत्येक ठिकाणचे व्यवस्थापन तज्ज्ञ आणि अधिकारी ठरवू लागले म्हणजे ज्याच्या हाती पैसा व वशिला आहे त्याच्यासाठी ते दार उघडेल. मसुदा २००९ मध्ये बारगळला. माझ्या मते या प्रसंगात विकसनशील देशांतील किनारा व्यवस्थापनाचा सर्वांत मोलाचा धडा साठविलेला आहे: ज्या समाजात दुर्बळाला केवळ निषेधाच्या नियमाचा आधार आहे, तेथे तो नियम काढून त्याच्या जागी समजूतदारपणा बसविता येत नाही. आधी नियम दृढ करावा लागतो, आणि मग त्याच्या वर समंजस व्यवस्था उभारता येते. पुढे ६ जानेवारी २०११ ची अधिसूचना आली, तिने बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या आणि कोळीवाड्यांची नोंद करण्यास सांगितले. आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. पन्नास मीटर म्हणजे किती, हे आक्साच्या वाळूवर उधाणाच्या वेळी उभे राहून पाहावे.

आक्साचा विषय निघालाच आहे तर वाळूविषयी सांगतो, कारण किनाऱ्याच्या कारभारात वाळूइतकी उपेक्षित गोष्ट दुसरी नसेल. समुद्रकिनाऱ्याची वाळू स्थिर नसते. पावसाळ्यातील उंच लाटा ती ओढून आत नेतात व उथळ पाण्यात साठवितात, आणि थंडीच्या दिवसांतील मंद लाटा ती पुन्हा किनाऱ्यावर आणून पसरतात. पावसाळ्यात अरुंद व उतरता झालेला किनारा फाल्गुनापर्यंत पुन्हा रुंद होतो. या हालचालीस मोकळी जागा लागते. लाट उताराच्या वाळूवर चढते तेव्हा तिचा जोर हळूहळू संपतो. पण तिच्या वाटेत उभी भिंत आली म्हणजे ती भिंतीवर आदळून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. असे वर्षानुवर्षे झाले म्हणजे भिंतीपुढचा किनारा खचतो, भिंतीच्या दोन्ही टोकांशी धूप वाढते, आणि मग भिंत अधिक लांब बांधण्याची मागणी येते. अलीकडे महाराष्ट्र सागरी मंडळाने आक्साच्या किनाऱ्यावर भिंत व तिच्यावर फिरण्याचा मार्ग बांधावयास घेतला, तेव्हा हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. मंडळाचा हेतू धूप थांबविण्याचा होता, पर्यटकांची सोय करण्याचा होता. परंतु धूप का होते हा प्रश्न भिंतीच्या आधी यावयास हवा: वाळूचा उपसा झाला आहे काय, शेजारच्या खाडीमुखाशी गाळाचे वहन बदलले आहे काय, की वाळूची ही नेहमीची ऋतुचर्या आहे? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या नोंदवहीत आहेत ते संशोधक, ज्यांच्या स्मरणात आहेत ते एरंगळ-आक्साचे रहिवासी, आणि ज्यांच्या हाती निविदा आहे ते अभियंते, या तिघांची गाठ बहुधा न्यायालयातच पडते, हे आपल्या व्यवस्थेचे वैगुण्य आहे.

तिवरांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने खरोखर मोठे काम केले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातील तिवरांच्या तोडीस मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्कावरील आघात ठरविला. त्यांच्या भोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही संरक्षणाखाली आणला. सरकारी जमिनीवरील तिवर वन खात्याकडे जाऊ लागले, २०१२ मध्ये त्यासाठी कांदळवन कक्ष निघाला. या हुकमांमुळे मालाड, चारकोप आणि मालवणी येथील कितीतरी रान वाचले. तरीही या संरक्षणाची मर्यादा ओळखली पाहिजे. वन खाते झाड राखते. झाडाखालच्या पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्या पाण्यात येणारा नाला महानगरपालिकेकडे, शेजारची झोपडी जिल्हाधिकाऱ्याकडे, समोरच्या होड्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, आणि खाडीवरून जाणारा नियोजित पूल किंवा सागरी मार्ग आणखी एका विभागाकडे. मार्वे येथे नौदलाचे आयएनएस हमला हे केंद्र आहे, त्याचे नियम पुन्हा निराळे. वर्सोवा-मढ पूल आणि वर्सोव्यापासून दहिसरकडे जाणारा सागरी रस्ता यांसाठी तिवर तोडावे लागणार म्हणून दुसरीकडे झाडे लावण्याची अट घातली जाते. पण मालाडच्या खाडीत जी कोळंबी वाढावयाची ती दूरच्या जिल्ह्यातील लागवडीत वाढणार नाही, आणि डोंगराचे पाणी तिकडे जाऊन थांबणार नाही.

नकाशांचीही एक कथा आहे. १९९१ पूर्वीचे बांधकाम असले तर नियम निराळे लागतात, म्हणून मढ परिसरात जुन्या भूमापन नकाशांत नसलेली घरे दाखविण्याचे प्रकार उघडकीस आले आणि त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. एरंगळ-भाटी भागात चित्रीकरणासाठी उभारलेले अवाढव्य स्टुडिओ एप्रिल २०२३ मध्ये पाडण्यात आले. ज्या गावी कोळ्याला आपल्या पडक्या घरावर कौले घालण्यासाठी परवानगीचे उंबरे झिजवावे लागतात, त्याच गावी असे स्टुडिओ उभे राहू शकले, हे वाचून कोणाही विचारी माणसास संताप येईल. मालवणीच्या कडेला, अंबुजवाडीसारख्या वस्त्यांतून, खाजणाच्या काठावर राहणारी जी गरीब माणसे आहेत, त्यांनाही केवळ अतिक्रमणकर्ते म्हणून मोकळे होता येणार नाही. शहराने त्यांच्या श्रमांची गरज मान्य केली, राहण्याची जागा मात्र भरतीच्या काठावरच उरू दिली. त्यांच्या घरांचा प्रश्न न सोडविता आखलेली किनाऱ्याची कोणतीही योजना पहिल्याच पावसाळ्यात अपुरी ठरेल.

आपल्यासारख्याच परिस्थितीतील श्रीलंकेचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथे नैर्ऋत्य किनाऱ्यावर चुन्यासाठी प्रवाळ खणून काढण्याचा धंदा मोठा होता, आणि त्यामुळे किनारा झपाट्याने झिजत होता. त्या देशाने १९८१ साली किनारा संवर्धनाचा कायदा करून समुद्राकडे दोन किलोमीटर आणि जमिनीकडे ३०० मीटर असा एक सलग पट्टा एका खात्याच्या देखरेखीखाली आणला. समुद्राचा भाग आणि जमिनीचा भाग एकाच अधिकाऱ्यापुढे यावा, ही त्यातील मोलाची कल्पना. प्रवाळउपसा पूर्णपणे थांबला नाही, कारण त्यावर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरा पुरेसा धंदा मिळाला नाही; आणि २००४ च्या त्सुनामीत जेथे प्रवाळ काढून टाकलेला होता तेथे पाणी अधिक आत घुसले. कायदा आणि उपजीविका यांची फारकत झाली की काय होते, याचे हे दुःखद प्रमाण होय. भारतानेही २०१० नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक किनारा व्यवस्थापनाचा कार्यक्रम गुजरात, ओडिशा आणि पश्चिम बंगाल येथे सुरू केला. महाराष्ट्र त्या पहिल्या फळीत नव्हता.

म्हणून मालाडपुरते तरी काय करता येईल? नवे खाते निर्माण करण्याची सूचना मी करणार नाही, कारण खात्यांची संख्या वाढविणे हा रोगाचाच भाग आहे. किनारा नियमनाच्या अधिसूचनेत एक तरतूद आधीपासून आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी आणि तिच्यात किनाऱ्यावरील पारंपरिक समाजांचे, मच्छीमार धरून, निदान तीन प्रतिनिधी असावेत. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या या समितीपुढे मालाड व मनोरी या दोन्ही खाड्यांचा एकच जमाखर्च दरवर्षी मांडला जावा. त्यात पोयसर आणि ओशिवरा या नद्यांतून किती व कसे पाणी आले, मलशुद्धीकरण केंद्रातून किती सुटले, मनोरीच्या प्रकल्पाने किती घेतले व किती खारट करून परत दिले, तिवरांचे क्षेत्र किती वाढले वा घटले, आक्सा आणि एरंगळची वाळू पावसाळ्याआधी व नंतर कोठपर्यंत होती, आणि मढच्या मच्छीमार संस्थांच्या वहीत मासळीचे वजन किती पडले, हे सर्व आकडे शेजारी शेजारी असावेत. महानगरपालिका, सागरी मंडळ, वन खाते आणि मत्स्यव्यवसाय खाते यांच्यापाशी यांतील बहुतेक आकडे वेगवेगळ्या कपाटांत आहेतच. जो नवा प्रकल्प येईल, मग तो पूल असो, भिंत असो की नळ, त्याने या जमाखर्चातील प्रत्येक रकमेवर आपला काय परिणाम होईल ते मराठीत लिहून द्यावे, आणि त्यावरची सुनावणी मढ, मार्वे किंवा मनोरी येथे, समुद्रावर जाणारी माणसे गावात असतील अशा तिथीला ठेवावी. उधाणाच्या दिवशी सुनावणी ठेवली आणि कोळी आले नाहीत, असा शेरा पुन्हा कोणत्याही इतिवृत्तात पडू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरोघर माणसे असतात. समितीची पहिली बैठक त्या काळात मढ येथे घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.